बिनआवाजाचं विमान

विजेवर चालणारं विमान धावपट्टीवरून उडालं, तेव्हा कॅप्टनची बायको त्यात बसलेली होती आणि कॅप्टन खाली हँगरच्या दारात उभा होता.

"धावपट्टी जरा जास्तच खाल्ली," तो म्हणाला.

"तुमच्यापेक्षा कमीच," शेजारी उभा असलेला मिस्त्री म्हणाला. कॅप्टनच्या विमानाचं इंजिन तो अठरा वर्षं सांभाळत होता, त्यामुळे त्याला असं बोलायची मुभा होती.

उड्डाणशाळेने ते दोन जणांचं छोटं विमान पंधरा दिवसांच्या चाचणीसाठी आणलं होतं. आज शेवटचा दिवस, म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना एकेक फेरी होती. कोण बसणार म्हणून विचारल्यावर बायकोने हात वर केला तेव्हा कॅप्टनला वाटलं, माशी हाकलतेय. त्याच्या विमानात ती लग्नानंतर एकदाच बसली होती. इंजिनाची घरघर, हादरे, पेट्रोलचा वास. उतरल्यावर तासभर डोकं धरून बसली आणि पुन्हा त्या विमानाचं नाव काढलं नाही. आज मात्र ती पदर खोचून टुणकन चढली. चालवायला होती कॅप्टनचीच शिष्या. तिला पहिल्यांदा विमान सरळ रेषेत ठेवायला शिकवताना त्याच्या नाकी नऊ आले होते.

"पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होत जातं," कॅप्टन वर बघत म्हणाला. "ही बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. मेलेलं ओझं घेऊन उतरायचं. आणि हवेत राहणार किती, तर पाऊण तास. त्यात वारा उलटा फिरला तर?"

"तर लवकर उतरायचं."

"कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"माझ्या विजेच्या गाडीबद्दलही हेच म्हणाला होतात. चढावर अडकशील म्हणून."

"नाही अडकलास?"

"दोन वर्षं झाली."

"अडकशील कधीतरी," कॅप्टन म्हणाला.

त्याचं बोलणं चूक नव्हतं. वजनाचं खरं होतं, वेळेचंही खरं होतं, आणि मिस्त्रीला ते त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. पण खरं बोलतानाही कुठे जळतंय ते माणसाच्या आवाजातून कळतंच.

कॅप्टनच्या हातातला रेडिओ खरखरला. शिष्या आपली जागा कळवत होती. "डावं वळण घेतलंय, उंची हजार फूट, उतरायला येतेय." रोजचंच वाक्य. पण तिने बटण दाबून धरलं होतं तेवढ्या चार सेकंदांत मागून बायकोचा आवाज आला. मध्ये इंजिनाची घरघर नव्हती, म्हणून अगदी स्वच्छ आला. "...आणि मग तू काय केलंस?" गॅसवर दूध ठेवून शेजारणीला विचारावं, तसं ती विचारत होती.

बटण सुटलं आणि रेडिओ गप्प झाला.

कॅप्टनने तो कानाशी नेला, हलवून पाहिला. "बंद पडला की काय?"

"चालू आहे," मिस्त्री म्हणाला. "त्या दोघी आपसांत बोलतायत. आपल्याला कसं ऐकू येणार?"

चाकं अलगद टेकली. कॅप्टनने खोट काढायला पाहिलं, निघाली नाही, तेव्हा "आज वाराच पडलाय" एवढं म्हणाला.

शिष्या विमानातून उतरून थेट त्याच्याकडे आली. "सर, तासाभरात चार्ज होईल. मग तुम्ही एक फेरी मारता?"

"मला पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात."

ती हसली. सरांचं बोलणं ती पूर्वीपासून मनावर घेत नसे. "मग पुढच्या आठवड्यात या. काकूही येणार आहेत."

"पुढच्या आठवड्यात? उद्या परत जाणार ना हे?"

"नाही सर. शाळेनं विकत घ्यायचं ठरवलं. सकाळीच ठरलं."

कॅप्टनने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री खिशातून फडकं काढून स्वच्छच असलेले हात पुसू लागला. "मलाच बघायचंय आता हे," तो खाली मान घालून म्हणाला. "प्रशिक्षणाला चाललोय सोमवारी. सांगणारच होतो."

"शीक की," कॅप्टन म्हणाला. "कुणी अडवलंय?"

घरी जायला नवरा-बायको जीपमध्ये येऊन बसले. बायकोचे गाल अजून लाल होते. कॅप्टनने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मळमळलं नाही?"

"बोलण्याच्या नादात लक्षातच नाही आलं."

"एवढं काय बोलत होतात?"

"असंच. ती तिचं सांगत होती." ती काचेतून बाहेर बघत होती. "एकदा ढगात सापडली होती म्हणे एकटीच. म्हणाली, काकू, अजूनही चाकं जमीन सोडतात तेव्हा दर वेळी पोटात गोळा येतो. हातांना घाम सुटतो. कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगितलं. मी म्हटलं, मग तुझ्या सरांना विचारायचंस, त्यांना काही होतं का. तर म्हणाली, सरांना कशाला भीती वाटेल."

कॅप्टनने हात वर करून आरसा सरळ केला.

"बावीस वर्षं झाली आपल्याला," ती म्हणाली. "मीसुद्धा कधी विचारलं नाही बघा." ती त्याच्याकडे वळली. "अहो, वाटते का हो तुम्हाला?"

त्याने किल्ली फिरवली. जुनं डिझेल इंजिन दोनदा खोकलं, मग पेटलं. त्याने पाय दाबून ते चांगलं गरजू दिलं. पत्रा थरथरायला लागला, आणि मग समोर रस्त्याकडे बघत त्याने उत्तर दिलं.

"काय म्हणालात?" बायकोने कानामागे हात धरून विचारलं.