टोकाची जाडी

बायकोला काय झालंय ते डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी कारागिराला गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा उलगडा झाला. बिलियर्डसारखा 'पूल' खेळायच्या काठ्या तो अंगणात लेथवर घडवायचा. आतल्या खोलीत त्यांना पॉलिश करून, विकण्याआधी प्रत्येकीच्या टोकाची जाडी कॅलिपरने मोजायची ती. तिची मापं चुकायला लागली, काठ्या परत येऊ लागल्या, तेव्हा त्याने "म्हातारी झालीस गं" म्हणून थट्टा केली होती.

ती गेल्यावर त्या खोलीत मुलगी बसू लागली.

"बाबा, ही काठी तुम्ही बारीक तासलीत. परत येणार बघा."

त्याने काठी उजेडात नेऊन स्वतः मोजली. माप अगदी बरोबर होतं.

"नीट बघ की जरा."

"बघतेच आहे हो. रेषा थोड्या पुसट दिसतात, एवढंच. मलाही आता चष्मा लागणार वाटतं!" ती हसली.

त्याला हसू आलं नाही. पॉलिशच्या वाफेने आधी नजर गेली आणि मग माणूस, असं डॉक्टर म्हणाले होते. खोलीची भिंत फोडून खिडकी बसवा, असंही म्हणाले होते.

भिंत अजून फोडलेली नाही.