झाकलेलं नाव

"सोंग आणतोस," डॉक्टर म्हणाले. "खुब्याचं हाड मेलं असतं तर असा तोंड वर करून भांडला नसतास."

विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन डावी मांडी दाबून उभा होता. "मग तुम्हीच चढून दाखवा खांबावर. माझ्या जांघेत कळ येते."

याच डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे बघून 'हाड ठणठणीत' असं लिहून दिलं होतं. कंपनीनं लगेच त्याला पुन्हा खांबावर चढवलं. त्यानं डॉक्टरांविरुद्ध तक्रार ठोकली. आता एमआरआयमध्ये हाड मेलेलं निघालं तर त्याला जमिनीवरचं काम, नाहीतर घरचा रस्ता.

"माझाही डावा गुडघा ठणकतो. बाम चोळतो नि कामाला लागतो," असं म्हणत डॉक्टरांनी दम्यासाठी वर्षानुवर्षं चाललेली रोजची गोळी पाण्याबरोबर गिळली. "दारू पितोस? वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलंस?"

"कध्धी नाही."

"मग तुझं हाड काय रुसून मेलं? बाहेर बस."

डॉक्टरांचं डोकं आज सकाळपासूनच तापलेलं होतं. एमआरआयचं मशीन दुरुस्त होऊन आलं होतं. तपासून बघायला धडधाकट माणूस हवा, म्हणून टेक्निशियन बाई कुणाकुणाला विनवत फिरत होत्या. शेवटी वैतागून डॉक्टर स्वतःच त्या बोगद्यात जाऊन पडले. त्यात कामाला उशीर झाला, आणि वर हा तक्रारखोर.

चहा घेऊन ते परतले. पडद्यावर खुब्यांचा फोटो आलेला होता. नावाच्या कोपऱ्यावर नेहमीप्रमाणे कागदाची पट्टी चिकटवलेली होती. माणूस कोण हे कळलं की डोळे बेइमान होतात, असं ते सगळ्यांना ऐकवत. आज तर पट्टीची गरज जास्तच होती. डूख धरला असं म्हणायला त्यांना कुणाला जागा द्यायची नव्हती.

उजवा खुबा स्वच्छ. डावीकडे मात्र ते थांबले. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यात, सांध्याला लागूनच, नागमोडी काळ्या रेषेनं वेढलेला तुकडा. त्याचा रक्तपुरवठा केव्हाच तुटला होता. शंकेला जागाच नव्हती.

डॉक्टरांना मनापासून लाज वाटली. एक्स-रेमध्ये हे उशिरा दिसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्या माणसाचा उद्धटपणा डोक्यात गेला होता. स्वतः ते तिरसट खरे, पण दिसलेलं नाकारणाऱ्यातले नव्हते. ते उठले. गुडघ्यातली कळ दाबत बाहेर आले.

लाइनमन बाकावर बसला होता. कमरेच्या पट्ट्याला पक्कड, किल्ल्यांचा जुडगा. डॉक्टरांना बघताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुमचं हाड मेलंय," डॉक्टर म्हणाले. अरे-तुरे आपसूक गळून पडलं. "मी चुकलो. एमआरआय तेव्हाच करायला हवा होता. आता त्या पायावर भार टाकू नका. खुब्याची कळ गुडघ्यातही उतरते. उशीर केलात तर सांधा खचेल, मग बदलण्यावाचून गत्यंतर नाही."

"ही कसली नवी थट्टा?"

"थट्टा नाही हो. आत्ता फोटो बघून आलोय."

"कुणाचा फोटो?" लाइनमन उसळून उभा राहिला. किल्ल्या खणखणल्या. "मला अजून आत घेतलंय कुठं?"

हातात धुतलेला गाऊन घेऊन टेक्निशियन बाई लगबगीनं आल्या. "यांनाच आता घेते, सर. पडद्यावरचे खुबे सकाळच्या चाचणीतले, तुमचे."