दाखवण्याजोगे हात

एकोणीसशे एकाहत्तर साल. कारखान्याच्या डॉक्टरांच्या तपासणीची सकाळ होती आणि ती नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन खळगे बुजवत बसली होती.

ती नाटकमंडळीत रंगभूषा करायची. नवरा कारखान्यात नळांना क्रोमचा मुलामा द्यायचा. हौदातल्या तांबूस पाण्यानं त्याच्या बोटांच्या पेरांवर मसुराएवढी भोकं पडली होती. भोकं दिसली की माणसाला कामावरून घरी बसवत. म्हणून आधी मेण, त्यावर रंग, त्यावर पावडर.

"हलू नका हो. आमच्या नट्या बऱ्या तुमच्यापेक्षा."

"नट्यांना अशी आग होत नसेल."

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. तोही त्याच हौदावर, दाजींच्या शेजारी. त्याचे हात बघवत नव्हते.

"बस, तुझेही करून देते."

"नको ताई. मी आहेत तसे दाखवणार. सगळ्यांसाठी रबरी हातमोजे मागणार."

"आला मोठा पुढारी! आणि घरी बसवलं म्हणजे?"

"अगं, दिसल्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

"दाजी बघ, मुकाट्यानं करून घेतात. जा, हो शहाणा!"

संध्याकाळी नवरा हसत घरी आला. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच बघून मान डोलावली होती. भावाला मात्र घरी बसवलं होतं.

"तरी सांगत होते," म्हणून तिनं कपाळाला हात लावला.

पुढच्या एकाही तपासणीला तिनं हयगय केली नाही. घर त्या हातांवर चाललं, याचा तिला अभिमान होता.

भावाची जखम हाडापर्यंत गेली, दोन बोटं काढावी लागली. तो भाड्याच्या सायकलींचं दुकान सांभाळत राहिला. हौदावरच्या बाकीच्यांचे हात एकेक करून तसेच झाले. हौदाच्या वाफेनं नवऱ्याच्या नाकातला पडदा झिजून आरपार भोक पडलं. शेवटची वर्षं त्याला कसलाच वास येत नसे. कारखाना बंद पडला.

डॉक्टर निवृत्त झाल्यावर एकदा नाटकाला आले होते. आत भेटायला आले, बोलता बोलता नवऱ्याची ओळख निघाली.

"त्यांचे हात कसे विसरेन, बाई! त्यांचा मेव्हणा रांगेत आधी होता. त्याचे हात बघून मालक हादरले, सगळ्यांना हातमोजे देतो म्हणाले. तेवढ्यात त्याच हौदावरचे तुमचे यजमान पुढे आले. हात लख्ख! मीच म्हटलं मालकांना, पाण्यात काही दोष नाही, हातमोजे कशाला?"