सूतिकागृहाची बाजू

"आजी, आधी बाजू निवडा. उजवीकडे पाडा म्हणणारे, डावीकडे राखा म्हणणारे," वृत्तवाहिनीची संयोजिका म्हणाली.

गावातले सूतिकागृह पाडून तिथे स्मारक उभारावे का, यावर मैदानात चर्चा ठेवली होती. अनसूयाबाईंना एवढेच विचारायचे होते, की ते पाडलेच, तर नवे होईपर्यंत बायांनी बाळंत कुठे व्हायचे?

त्यांनी ते बाजू न निवडता, उभ्यानेच विचारले. निवेदक आनंदाने ओरडला, "म्हणजे तुमचा स्मारकाला विरोध!" उजवीकडून "गद्दार" अशी आरोळी उठली, डावीकडून टाळ्या. न बोललेल्या वाक्यासाठी शिवी आणि टाळ्या दोन्ही पदरात पडल्या, म्हणून त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली. हाच प्रश्न घेऊन आलेल्या शेजारच्या निर्मलेने उचललेला हात पदराखाली घेतला. तिला उद्या बाजारात दुकान उघडायचे होते.

"पाहा, सामान्य माणूस शांत आहे. त्याची काहीच तक्रार नाही," निवेदकाने कॅमेऱ्याला सांगितले.

"तोंडे तूच शिवलीस, आणि वर म्हणतोस तक्रार नाही?" अनसूयाबाई कडाडल्या. पण त्यांच्यापुढचा माइक केव्हाच काढून घेतला होता.

तेव्हा निर्मलेची दिवस भरलेली लेक कमरेवर हात टेकून उठली. "मला आत्ता कळा आल्या, तर उजवीकडे नेणार की डावीकडे?"

निवेदकाने घाईघाईने जाहिराती लावायला सांगितल्या. माणसे उठू लागली.

"बसा खाली!" अनसूयाबाईंचा आवाज माइकविना मैदानभर घुमला. "जाहिराती त्यांच्या आहेत, गाव आपले आहे. बोल गं पोरी."