बिनवासाचा वायू

गाब्रोवो शहरातल्या एका कारखान्यात पोलादी पाती द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून टणक करत. तो वायू गळला आणि पेन्यो टाकीच्या खोलीतच गुदमरून मेला. दुसऱ्या दिवशी मालकाने त्याचा जोडीदार झ्लातान याला केबिनमध्ये बोलावलं.

"पोलिसांना सांग, प्यायलेला होता."

"साहेब, पेन्यो थेंबाला शिवत नव्हता."

"अरे, त्या वायूला ना रंग, ना वास. कुणाला कळणार होतं?"

झ्लातानची नजर मालकाच्या मागे भिंतीवर गेली. "हे कसलं यंत्र?"

"प्राणवायू कमी झाला की बोंबलतं. टाकी या भिंतीपलीकडेच ना, माझ्या जिवाला घोर नको."

झ्लातान टेबलावरच थुंकला, यंत्र उपटलं आणि टाकीच्या खोलीत नेऊन टांगलं. पेन्योच्या जागी आलेला माणूस तिथे कामाला लागलाही होता.