‘येतो’ म्हणजे

सव्वासहाला मोठे सर आणि शिक्षिका गिरिजाबाई दबक्या पावलांनी शाळेत परत आले. नवा कारकून धर्मराज शाळा सुटल्यावरही रोज कार्यालयात एकटा बसून काय करतो, हे आज पकडायचं होतं. कपाटात परीक्षेचे पेपर होते. काही वावगं दिसलं, तर सर त्याला उद्याच घरी बसवणार होते. गिरिजाबाईंना ते फारसं पटत नव्हतं. माणूस विचित्र खरा. कुणाच्या नजरेला नजर देत नाही, पेन्सिली उंचीप्रमाणे लावतो. पण त्याच्या हजेरीपटात आजवर एक खाडाखोड सापडली नव्हती.

धर्मराज मांडीवर कुलूप घेऊन दाराकडे तोंड करून बसला होता. दोघांना पाहून त्याचा चेहरा उजळला.

“आलात,” तो म्हणाला. “चार महिन्यांत पहिल्यांदा आलात.”

पकडायला आलेले सरच गडबडले. तू घरी का गेला नाहीस, असं गिरिजाबाईंनी विचारलं.

“जाताना सर येतो म्हन्ले, बाई. तुम्ही येते म्हन्लात. मंग कुलूप कसं लावू?”

रोज असंच. सातला मात्र तो निघायचा, कारण सातनंतर आत येण्यास मनाई असल्याची पाटी फाटकावर होती, आणि तिच्याखाली सरांचीच सही होती. गिरिजाबाईंना हसू फुटलं, आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली. चार महिने त्यांनी या माणसाला वाट बघायला लावली होती आणि वर संशयही घेतला होता.

सर समजावू लागले, की येतो म्हणजे जातो. धर्मराजनं ते वहीत लिहून घेतलं.

“मंग खरंच येनार असलात, तर काय म्हनता?”

सरांनी गिरिजाबाईंकडे पाहिलं.

निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे आईनं गिरिजाबाईंना लहानपणी तोंडावर हात ठेवून शिकवलं होतं. जाते म्हणणारं माणूस परतत नाही म्हणे. त्यांनी पिशवी उचलली.

“धर्मराज, मी जाते. उद्या साडेदहाला येते.”

सर दारात घुटमळले. गेल्याच वर्षी त्यांच्या छातीत कळ येऊन गेली होती. पण गिरिजाबाई त्यांच्याकडे बघत उभ्याच राहिल्या.

“जातो, बाबा,” सर कसेबसे म्हणाले.

“बराबर,” धर्मराज मनापासून खूश होऊन म्हणाला. “जा, सर.” आणि त्यानं दिवसाउजेडी कुलूप लावलं.