आरतीची रेस

“उभ्या गाडीला रेस देऊ नका, लोड नसला की इंजन स्वतःलाच खातं,” आमचे हे जिवंतपणी बजावायचे. दसऱ्याला गाडीची पूजा मांडली, पण शंख फुटलेला होता. मीच दिरांना म्हणाले, “भाऊजी, शंखाच्या जागी आरती होईस्तोवर रेस द्या.” “देव काय बहिरा हाय, वहिनी?” ते हसले, पण पेडल दाबूनच धरलं. पाचही आरत्या मी सावकाश म्हटल्या. दुसऱ्या दिवशी मी एकटीनं काढलेली गाडी वेशीपाशीच खडखडून बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, “ऑइल कमी, वरून रिकामी रेस. बेअरिंग गेलं.” मागच्या सीटवर सासूबाई सुजलेले पाय घेऊन बसलेल्या, जालन्यात अकराला डायलिसिस होतं. “राहू दे माय, देवाची मर्जी,” त्या म्हणाल्या. “न्हाई आई, चूक माझी हाय.” त्यांचं डायलिसिस चुकवणार नाही, असा ह्यांना शब्द दिला होता. त्यांना पाठीवर घेतलं आणि एसटीच्या फाट्याकडं निघाले.